सावलीची अडचण

पाथरीच्या शिवकांतनं डिझेलचा ऑटो विकून बॅटरीवरचा घेतला, तेव्हा सगळ्यात खूश झाली त्याची आई, बसम्मा. जुन्या गाडीच्या धुरानं तिचा दमा उठायचा. नवी गाडी दारातून कधी गेली, हे कळतसुद्धा नव्हतं.

लाइटीचा तेवढा नेम नव्हता, म्हणून शिवकांतनं पत्र्यावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. दुपारी जेवायला आला की अंगणात गाडी चार्जिंगला लावायचा. पण नेमकी त्याच वेळी अंगणातल्या कडुलिंबाची सावली प्लेटांवर पडायची आणि चार्जिंग रेंगाळायचं.

"अवो, नका तोडू. सासऱ्यांच्या हातचं झाड हाय," बायको त्रिवेणी म्हणाली.

"आपली गाडी धा झाडांचं काम करायलीय. एक गेलं तर काय बिघडतंय?" म्हणत शिवकांतनं शिवरात्र होताच लिंब आडवा केला. पाडव्याला लिंबाचा पाला शेजारून मागून आणावा लागला. बसम्माची बाज अंगणातून घरात गेली.

वैशाखात गाडी रोज दुपारी बंद पडायला लागली. परभणीहून मेकॅनिक आला. त्यानं बॅटरीला हात लावला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"सायेब, कायबी करा, पर हिला चालू करा. घर हिच्यावरच चालायलंय," शिवकांत काकुळतीला आला.

घाम पुसत मेकॅनिक लिंबाच्या खुंटावर टेकला.


"बॅटरी लय तापायलीय, मालक. गाडी झाडाखाली लावत जा."