बोरूच्या खोडी

“बोरू? त्याच्याइतका हट्टी एडिटर मी दुसरा पाहिला नाही,” ती म्हणाली.

नोकरीच्या मुलाखतीला ती साहेबांसमोर बसली होती. भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. झालं, हीही गेली!

बोरू म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. वेबसाइट बनवणाऱ्या त्या कचेरीत कोड लिहायला सगळे बोरूच वापरायचे, कारण साहेब वापरायचे. इवलासा, फुकट मिळणारा, कुणा अनामिकानं बनवून इंटरनेटवर सोडलेला एडिटर. साहेबांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते मत म्हणजे दगडावरची रेघ. काळ्या पडद्यावर कोड लिहिणारे स्वतःच्या डोळ्यांचे वैरी. सारखा माउस धरणारे आळशी. आणि बोरूला नावं ठेवणाऱ्यांशी तर बोलायचंच कशाला? यापायी त्यांनी चांगले चांगले उमेदवार वाटेला लावले होते. माणसं कमी पडत होती, काम गळ्याशी आलं होतं, पण साहेब हटायला तयार नव्हते.

“हट्टी म्हणजे?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सेव्ह केलं की तो आपल्याला उचलून फाइलच्या पहिल्या ओळीवर नेऊन बसवतो. काम चाललेलं असतं पार तळाशी. मग उतरा पुन्हा खाली.”

“शिस्त आहे ती! माणूस वरपासून वाचत येतो. चुका सापडतात.”

“चुका नाही सापडत, साहेब. मान दुखते.”

भरतीच्या बाईंनी आलेलं हसू खोकल्यात घालवलं.

“शिवाय एकदा सेव्ह केलं की आधीचं परत आणता येत नाही,” ती पुढे म्हणाली. “चुकून काही पुसलं असेल तर गेलंच.”

“म्हणून तर माणूस विचार करून सेव्ह करतो!”

“माणूस घाबरून सेव्हच करत नाही. मग वीज जाते.”

साहेबांचा पारा चढला. ही बाई नोकरी मागायला आलीय की भांडायला? वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात तिची बरीच वर्षं घरीच गेली होती. ते गेल्यावर आता पुन्हा पायावर उभं राहायचं होतं. हे सगळं तिनंच मघाशी सांगितलं होतं. म्हणजे गरज तिला होती. तरी आवाजात आर्जव नाही, नजर खाली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं म्हणणं साहेबांच्या मानेला पटत होतं.

“हे बघा,” ते म्हणाले, “ज्यानं बोरू घडवला ना, त्याच्या नखाची सर तुम्हाला-मला यायची नाही. त्यातली एकेक गोष्ट त्यानं विचार करून ठेवलीय. त्याच्या चुका काढणाऱ्या तुम्ही कोण?”

“विचारबिचार काही नव्हता हो,” ती म्हणाली. “ती वर मारलेली उडी साधी चूक आहे. बाबांच्या खाटेशेजारी बसून लिहीत होते, डोळ्यांवर झोप होती. बोरू माझा आहे.”

साहेब ओठ मुडपून हसले. तिनं टेबलावरचा लॅपटॉप स्वतःकडे वळवला, बोरूच्या पानावर मालकाच्या खात्यातून आत शिरली आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी चष्मा घातला. वाचलं. पुन्हा वाचलं. कान हळूहळू लाल होत गेले.

मग ते उठले. माणूस हेकट होता, पण कोत्या मनाचा नव्हता.

“सोमवारपासून या,” ते म्हणाले. “आल्या आल्या आधी ती उडी काढा. पण मला एक सांगा, चुका ठाऊक होत्या, तर इतकी वर्षं दुरुस्त का नाही केल्यात?”

“दर वेळी करायला घेतल्या,” ती म्हणाली. “आणि दुरुस्ती करतेय असं जाहीर केलं रे केलं, की एकाच माणसाचा जळजळीत मेल यायचा, ‘बोरूला हात लावाल तर खबरदार!’ खाली नाव असायचं ते हेच, तुमच्या दारावरच्या पाटीवरचं.”