दर्दी

"बंद कर तो कचरा!" मी नातीवर खेकसलो. तिच्या फोनवर नुसती ढणढण चालली होती. ना चाल, ना शब्द. ऐकूनच शिसारी आली. "गाणं कशाला म्हणतात ते ऐक आता. आमच्या काळातल्या चाली अजून लोकांच्या कानात आहेत." मी पेटी पुढे ओढली, डोळे मिटले आणि माझं सगळ्यात लाडकं गाणं वाजवायला घेतलं.

पहिली ओळ संपते न संपते तोच आतून सूनबाई धावत आली. समोरच्या वहिनींचंही दार धाडकन उघडलं. आहेत, दर्दी अजून आहेत, मी मनात म्हटलं. मग नाकात नासक्या भाजीचा भपकारा शिरला. डोळे उघडले, तर दोघींच्या हातात डबे.

"अगंबाई, बाबा, तुम्ही होय? आम्हाला वाटलं, कचऱ्याची गाडी आली!"