नारिंगी टोपण

"दहा म्हणजे दहाच ना रे? तुझा दहा वेगळा नि माझा दहा वेगळा असतो का?" आई ओरडली.

"हळू बोल. पिटुकली आत आहे."

"तू नको शिकवू मला. आकडे दिसले की दप्तर टाकून पळालेला तू."

त्याने दोन्ही सिरिंजा शिलाई मशीनवर आपटल्या. एक लाल टोपणाची, एक नारिंगी. सकाळी दवाखान्यात नर्सने ठेवल्या होत्या, तशाच शेजारी शेजारी.

"बघ. डोळे फाडून बघ. नळी दोघींची सारखीच. लाल पूर्ण भरली की चाळीस युनिट. नारिंगी पूर्ण भरली की शंभर. लालमध्ये दहा म्हणजे पाव नळी. आता हिच्यात बघ दहा कुठे आहे."

आईने चष्मा वर ढकलला. नारिंगी सिरिंजमध्ये दहाचा आकडा पार सुईजवळ होता.

"एवढंसं?"

"एवढंसं. रोज. दीड वर्ष."

आई मशीनच्या स्टुलावर बसली. मांडीवर कुणाची तरी पँट होती, टाचण्या लावलेली.

"लोकांची पँट बोटभर आत घ्यायची तर दोनदा टेप लावतेस," तो म्हणाला. "आणि पिटुकलीच्या वाढीचं इंजेक्शन..."

"मी नीट कालवत होते रे. पाणी बाटलीच्या कडेकडेनं सोडायचं, हलवायचं नाही, तळहातावर घोळवायचं. एकदा फेस येऊ दिला नाही."

"पाणी बरोबर होतं गं. पावडर बरोबर होती."

"आधी बाटली आठवड्यात संपायची. मग दोन आठवडे झाले तरी उरायला लागली. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, माझ्या हाताला बरकत आली."

त्याने फ्रीजला लाथ घातली. आत काचेच्या बाटल्या किणकिणल्या. आई दचकली नाही. नारिंगी टोपण बोटांत फिरवत बसली.

"या आणल्या कुणी?" तिने एकदम हळू विचारलं.

"दुकानात लाल संपल्या होत्या." तो म्हणाला. "हिची सुई बारीक होती. त्या दिवशी पिटुकली रडली नाही. 'झालं पण?' म्हणाली. तूच म्हणालीस ना, आता याच आणत जा?"

"म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. डॉक्टर काय म्हणाले ते परत सांग."

"किती वेळा सांगू? हाताच्या एक्स-रेत हाडांच्या टोकाची वाढीची फट बुजलेली दिसली. आता पूर्ण डोस दिला तरी उंची वाढणार नाही. बंद करा म्हणाले."

"थोडी तरी फट असेल. नीट बघितलं का त्यांनी?"

"नाही उरली फट, आई."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किक मारत होतं. सुरू होत नव्हती.

"तिला सांग तू," आई म्हणाली.

"मी का? तू आई आहेस."

"तुझं ऐकते ती."

दार उघडलं. चौदा वर्षांची पिटुकली मांडीला कापूस लावून उभी होती. तिच्या स्कर्टची आत दुमडलेली चार बोटं पट्टी अजून तशीच होती, उंच झाली की सोडायची म्हणून आईने ठेवलेली.

"तुमचं भांडण संपेपर्यंत स्पिरिट वाळलं माझं," ती म्हणाली. फ्रीजजवळच्या खुर्चीत उडी मारून बसली. पाय हलवायला लागली. ते जमिनीला टेकत नव्हते.

आईने त्याच्याकडे बघितलं. त्याने फ्रीजकडे.

मग आई उठली. बाटली काढली. झाकणाचं रबर पुसलं, नेहमीसारखं. मशीनवरून लाल टोपणाची सिरिंज उचलली आणि दहापर्यंत भरली. पाव नळी. उजेडात धरून बुडबुडा काढला.

"आई, बास कर," तो म्हणाला.

आईने ऐकलं नाही.

"ए, ही कशाला?" पिटुकलीने मांडी मागे घेतली. "ही दुखते. माझी नारिंगी दे ना."

आई तशीच उभी राहिली, सुई हवेत.

"दादा, नारिंगी संपत आल्यात वाटतं. येताना आणशील? आणि लाल आणू नकोस हं, दुकानदार कितीही म्हणाला तरी."

पिटुकली मान वर करून बघत होती. त्याच्याशी बोलताना तिला नेहमीच मान वर करावी लागायची.

त्याने पायाने चप्पल चाचपली.

"मला निघायचंय आता," तो म्हणाला.