चौकटीवरच्या खुणा

मल्लखांबावरून पडलेल्या ओवीला वृंदाने कॅज्युअल्टीतल्या खाटेवर निजवलं, तशी खाटेनेच तिची उंची मोजली. औषधाचा डोस त्यावरच ठरायचा.

"वाढ थांबवायचं इंजेक्शन कधी दिलंत हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दोन वर्षांपूर्वी हात मोडून आली होती, तेव्हाही एवढीच होती. अंग हलकं राहावं म्हणून खेळातल्या पोरांना हल्ली सर्रास देतात."

"भलतंच काय! आमची ओवी वाढतेय," वृंदा तडकली.

दर वाढदिवसाला औक्षण झालं की शिरीष लेकीला चौकटीशी उभी करून पेन्सिलीने खूण करायचा. गेल्या दोन वर्षांत खुणा चांगल्या चार बोटं वर सरकल्या होत्या. जुने फ्रॉक अजून अंगाला येत होते, तर पोर कपडे किती जपते याचंच वृंदाला कौतुक!

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. ओवीला मल्लखांब शिकवणाराही तोच.

"आई, तू ताम्हण ठेवायला देवघरात गेलीस ना, की बाबा मला टाचा उचलायला सांगतात," ओवी हळूच म्हणाली. "यंदा टाचा पुरेनात. मग तू मला बसवून ओवाळलंस ना, त्याच पाटावर बाबांनी उभं केलं."