कप्तानाचा चहा

पडद्यावरच्या कार्टूनमध्ये अंतराळयानाच्या कप्तानाने न बघताच हात मागे केला. "चहा!" रोबोने त्याच्या हातात इंधनाची बाटली ठेवली. कप्तानाने ती तोंडाला लावली आणि त्याच्या दोन्ही कानांतून धूर निघाला.

ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर तो भाग बघताना निर्माते चौबळ पोट धरधरून हसत होते. लेखक खांबेटे मनातल्या मनात थुंकले. दर भागात तोच चहा, तोच धूर! असलं पांचट लिहिण्यात त्यांच्यासारख्या माणसाची दोन वर्षं वाया गेली होती. एकच समाधान होतं. हा कप्तान त्यांनी चौबळांवरूनच बेतला होता. सगळ्या जगाला मूर्ख समजणारा, कुणाकडे ढुंकूनही न बघणारा. आणि त्या गाढवाला स्वतःचं थोबाडसुद्धा ओळखता येत नव्हतं!

"खांबेटे, मानलं तुम्हाला," चौबळ डोळे पुसत म्हणाले. "स्वतःवर एवढं हसायला मोठं मन लागतं हो."

"स्वतःवर?"

"मग? कप्तान म्हणजे तुम्हीच ना? सगळ्या ऑफिसला माहितीये."

खांबेट्यांना त्याची कीवच आली. मूर्खांकडून आणखी कसली अपेक्षा करायची? पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी रोजच्यासारखा हात मागे केला. "रेवती, चहा!"

मागे बसून चित्रं रंगवणाऱ्या रेवतीने ब्रश धुवायचा, तपकिरी पाण्याने भरलेला कप त्यांच्या हातात ठेवला.

खोलीतले सगळे पडदा सोडून त्यांच्याकडे बघू लागले. खांबेट्यांनी कप तोंडाला लावला.