आप्पासाहेब पायी निघाले

डॉक्टरांनी गोडधोड बंद करून रोज पायी चालायला सांगितलं, तसे शेंद्र्याचे आप्पासाहेब दारातली मोटार दारातच ठेवून पहाटे रस्त्याला लागले. शंभर पावलं झाली नसतील, तोच गावातल्या सांडूनं फटफटी थांबवली.

"आप्पासाहेब, पायी? बसा मागं."

"आरं, मला चालायचंय."

"त्याच्यात लाजायचं काय? बसा."

बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी फारूखनं टेम्पोत घेतलं, तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं. चौथ्या दिवशी ते बांधाबांधानं गेले, तर गावात बोभाटा झाला की आप्पासाहेब तोंड चुकवत फिरतात, मोटारीत डिझेल टाकायचीही ऐपत राहिली नाही.

आठवड्यात लासूर स्टेशनहून व्याही धावत आले. सोबत गव्हाचं पोतं, गुळाची ढेप आणि तुपाचा डबा. डोळे पुसत म्हणाले, "वाईट दिवस येतात अन् जातात. पण पोटाला मारू नका."

"अहो, मी आपल्या मर्जीनंच..."

"व्हय, व्हय. सगळे असंच म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून आप्पासाहेब पहाटे मोटार काढतात, पंधरा किलोमीटरवर शहरात जातात आणि हिमायतबागेत, जिथं त्यांना कुणी ओळखत नाही, तासभर मनसोक्त चालून येतात.

मोटार पुन्हा धावताना पाहून गावाच्या जिवात जीव आला.

"सावरले बाबा आप्पासाहेब," सांडू ज्याला त्याला सांगतो. "आता एक पाऊल पायी टाकत नाहीत!"