एकटेपणाला दहापैकी किती

"शून्य म्हणजे मुळीच एकटं वाटत नाही, दहा म्हणजे फारच वाटतं," रुथ हॅलम म्हणाली. "तुमचे किती?"

मिसेस आउथवेट एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी समोरच्या खुर्चीतल्या नेव्हिलकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"दोन लिही," त्या म्हणाल्या.

रुथ कौन्सिलची कंत्राट अधिकारी. एकट्या पडलेल्या माणसांना आठवड्यातून एकदा सोबत देणाऱ्या एका संस्थेला कौन्सिल पैसे देई, आणि ते सार्थकी लागतात का हे बघायला रुथ घरोघर फिरे. गोपनीयता जपायची म्हणून संस्थेने नावं दिलीच नव्हती, नुसते भेटीचे पत्ते दिले होते. रुथ कामाला चोख, मनाने काही वाईट नव्हती. पण जे मोजता येत नाही, त्याच्यावर तिचा फारसा विश्वास नसे.

बोलणं चालू असताना दोनदा फोन वाजला. आधी चर्चच्या गायनवृंदातली मैत्रीण, मग लीड्सला राहणारी त्यांची मुलगी. मधेच शेजारीण अंडी ठेवून गेली आणि जाता जाता शनिवारच्या पत्त्यांच्या डावाची आठवण करून गेली. रुथ मनातल्या मनात हिशेब जुळवत होती.

नेव्हिल पन्नाशी उलटलेला, अबोल. भेटीला अवकाश होता तरी रुथच्या आधीच तो फाटकाशी येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा त्यानेच केला. कोणता कप कुठे असतो हे त्याला न विचारता ठाऊक होतं.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे सगळं चालतं," रुथ आल्याआल्याच त्याला म्हणाली होती. "फुकटात इतका वेळ देतं कोण हल्ली? मनापासून आभार."

नेव्हिल कानापर्यंत लाल झाला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग खुर्चीत ताठ बसला. मिसेस आउथवेटही काही बोलणार होत्या, पण त्यांनी आल्याच्या केकची बशी तेवढी पुढे सरकवली.

आता रुथने पेनाला टोपण लावलं आणि जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं, की या घरची भेट महिनाअखेर बंद करावी लागेल. पैसे तुटपुंजे होते आणि सोबतीसाठी कितीतरी जण ताटकळत होते. ज्याचं एकटेपण सरलं त्याने जागा सोडायची, असं कंत्राटातच होतं.

"ही तर आनंदाची गोष्ट आहे," ती म्हणाली.

"आणि मी आठ म्हटलं असतं तर?"

रुथ हसली. "तुमचे फोन मी माझ्या कानांनी ऐकलेत, मिसेस आउथवेट."

मग ती नेव्हिलकडे वळली. त्यालाही कुणाकडे तरी पाठवू, निदान उन्हाळ्यानंतर, असं तिने आश्वासन दिलं. त्याच्यासारखा माणूस वाया जाऊ देणं बरं नव्हे.

"बरं," नेव्हिल म्हणाला. "दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल, तर बरोबरच आहे."

त्याने कपबशा गोळा केल्या आणि तो स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाला. तीनच कप होते, पण नळ वाहतच राहिला.

मिसेस आउथवेट उठल्या. त्यांनी स्वयंपाकघराचं दार अलगद लोटून घेतलं. 

"तू आभार मानलेस तेव्हा त्याचा चेहरा पाहिलास? मला तुझी चूक सुधारवेना," त्या म्हणाल्या. "पण आता गप्प बसून चालायचं नाही. दर गुरुवारी इथे येतो तेवढं सोडलं, तर तो आठवडाभर कुणाशी चकार शब्द बोलत नाही. स्वयंसेवक मी आहे, पोरी."